फ्रेमच्या चार कडा: कंपोझिशन शिकायचं तर सहा आठवडे काय काय करायचं

सेकंड इयरला असताना मी पुण्यात मंडईत एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला होता आणि मला तो फार आवडला होता, मावशी हसतायत, समोर मेथीच्या जुड्यांचा ढीग, सकाळचा उजेड. कॉलेजच्या फोटो क्लबला शिकवायला येणाऱ्या सरांना प्रिंट दाखवली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, मावशींवर तळहात ठेवून त्यांना पूर्ण झाकलं आणि म्हणाले, आता काय दिसतंय ते सांग. अर्धी स्कूटर दिसत होती. कुणाचं तरी कोपर. एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी, जी अख्ख्या फोटोत सगळ्यात उजळ होती. आणि वर एक फ्लेक्स, त्यावरच्या नेत्याचं नाकापासून खालचं तोंड. सर म्हणाले, "हे पण तूच काढलंयस."

तेव्हापासून माझ्यासाठी कंपोझिशनचा, म्हणजे फोटोतल्या रचनेचा, अर्थ एवढाच आहे की चार कडांच्या आत जे जे आलंय ते सगळं माझं. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स वगैरे पुढे येतंच, ते वाईट नाहीये, पण नवीन मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि मग सब्जेक्ट बरोब्बर ग्रिडच्या रेषेवर असतो आणि कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल असते. म्हणून मी ज्युनिअर्सना उलट्या बाजूने शिकवते, आधी कडा, मग मधलं. खाली लिहिलंय ते मी स्वतः केलेलं आणि नंतर तीन बॅचेसकडून करून घेतलेलं आहे. फोन पुरतो. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, मिळत असेल तर उत्तम, पण त्यासाठी थांबू नका.

पहिला आठवडा: लग्नपत्रिकेची चौकट

घरात जुनी लग्नपत्रिका असतेच, जाड पुठ्ठ्याची बघा. तिच्यात कटरने ७२ मिमी बाय ४८ मिमीची खिडकी कापा. हा आकडा मुद्दाम आहे. फिल्मची एक फ्रेम ३६ बाय २४ मिमीची, फुल फ्रेम सेन्सरही तेवढाच, आपली खिडकी त्याच्या बरोब्बर दुप्पट. त्यामुळे खिडकी डोळ्यापासून जेवढी लांब धराल त्याच्या निम्म्या मिमीची लेन्स लावल्यासारखं दिसतं (आकडा जेवढा लहान तेवढं रुंद दिसतं). १० सेंटिमीटरवर धरली तर ५० मिमीची लेन्स, ७ वर ३५ ची, १७ वर ८५ ची. पत्रिकेला एक दोरा बांधा, या अंतरांवर गाठी मारा, गाठ डोळ्याच्या कडेला गालावर टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. फोनचा नेहमीचा १x कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीसारखा असतो म्हणजे ५ सेंटिमीटरवरची गाठ, तिथे पत्रिकेच्या कडा धूसर दिसतील पण किती मोठा पसारा आत येतोय ते कळतं. आणि ते कळलं की लक्षात येतं की फोनच्या फोटोंत एवढा कचरा का येतो, तो मुळातच खूप रुंद बघतो.

कॉलेजच्या कपाटातून मिळणारे डीएसएलआर बहुतेक छोट्या सेन्सरचे असतात. निकॉन असेल तर लेन्सचा आकडा दीडने गुणायचा, कॅनन असेल तर १.६ ने, म्हणजे त्यावरची ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. आणखी एक गोष्ट मला सहा महिने कुणी सांगितली नव्हती ती म्हणजे स्वस्तातल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधे, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, पूर्ण फ्रेम दिसतच नाही, साधारण ९५ टक्के दिसते, म्हणजे कडेला तुम्ही न बघितलेली एक पट्टी फोटोत येते. मी डोळ्याने साफ केलेली कड फोटोत पुन्हा घाण दिसायची आणि मला वाटायचं आपलाच हात हलतोय. शंका आली की मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावून बघा.

या आठवड्यात फोटो काढायचेच नाहीत. रोज अर्धा तास पत्रिका घेऊन फिरायचं. जिन्यात, गॅलरीत, मेसमधे, बसच्या खिडकीत. एखादी जागा आवडली की पत्रिका स्थिर धरा आणि नजर मधे न ठेवता कडेकडेने फिरवा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यासारखी. कडेवर काय अर्धवट कापलं जातंय? कोपऱ्यात काय उजळ आहे? काय आत यायला नकोय? लोक बघतात, बघू देत. चार-पाच दिवसांनी पत्रिकेशिवायही डोळ्यापुढे चौकट पडायला लागते.

दुसरा आठवडा: एक वस्तू, ३६ फोटो

फिल्मच्या रोलमधे ३६ फोटो मावायचे, तोच आकडा धरू. एक साधी हलत नसलेली वस्तू घ्या, मी रूमच्या दाराबाहेरची सायकल घेतली होती. एका दिवसात त्या एका सायकलचे ३६ फोटो, एकही दुसऱ्यासारखा नको, झूमला हात लावायचा नाही. पहिले दहा-बारा पटकन निघतात आणि मग डोकं रिकामं होतं. खरा अभ्यास तेव्हा चालू होतो. मग तुम्ही खाली बसता, झोपता, हँडलच्या मधून बघता, नुसती सावली काढता, चाकाच्या आऱ्यांतून भिंत काढता. माझा त्या दिवसाचा चांगला फोटो एकतिसावा होता.

कॅमेऱ्याची उंची ही सगळ्यात फुकट मिळणारी गोष्ट आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते, आपण सगळे उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून काढतो म्हणून सगळ्यांचे फोटो सारखे येतात. होमाई व्यारावाला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, त्या रोलिफ्लेक्स वापरायच्या. तो कॅमेरा पोटापाशी धरून वरून खाली काचेत बघायचं, फ्रेम चौकोनी, आणि काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं. म्हणजे कॅमेरा आपोआप छातीच्या खाली यायचा, समोरच्या माणसाकडे वरून बघितल्यासारखं व्हायचं नाही. फोनने हे करायचं असेल तर फोन उलटा धरा, लेन्स खालच्या बाजूला येते आणि जमिनीपासून दोन बोटांवरून फोटो निघतो. पावसाळ्यात डबक्यातलं प्रतिबिंब याच पद्धतीने काढायचं, फोन भिजणार नाही एवढं तेवढं जपायचं.

झूमला हात का लावायचा नाही ते एक प्रयोग केल्याशिवाय पटत नाही. मित्राला उभं करा, मागे लांब एखादं झाड किंवा बिल्डिंग असू दे. एक मीटरवरून १x ने काढा. मग मागे जाऊन दोन मीटरवरून २x ने काढा. मित्र दोन्हीत तेवढाच मोठा येतो, पण मागचं झाड दुसऱ्या फोटोत जवळजवळ दुप्पट होतं. चेहराही वेगळा दिसतो, जवळून काढला की नाक पुढे येतं. मागचं-पुढचं नातं तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, लेन्स फक्त किती कापायचं ते ठरवते. आधी पायांनी जागा ठरवा, मग लागलं तर झूम. आणि ०.५x ने माणसं काढताना कुणालाही कडेला ठेवू नका, डोकी ओढल्यासारखी लांब होतात, ग्रुप फोटोत कडेचा मित्र नेहमी नाराज असतो तो यामुळेच.

तिसरा आठवडा: आधी मागचं बघा

डोक्यातून उगवलेला विजेचा खांब सगळ्यांनी काढलेला असतो. होतं असं की समोर उभं असताना आपल्याला दोन डोळ्यांमुळे खांब मागे आहे हे कळत असतं, फोटोत ती खोली जाते आणि खांब डोक्याला चिकटतो. पत्रिकेतून बघताना एक डोळा मिटायचा तो याचसाठी.

माझा नियम असा की आधी बॅकग्राउंड शोधायची आणि माणूस नंतर. साधी भिंत, बंद शटर, सावलीतली गल्ली, मोकळं आकाश. तिथे उभं राहायचं, फ्रेम लावायची, कडा तपासायच्या आणि वाट बघायची. कसबा पेठेत तांबट आळीत मी एका अंधाऱ्या दारासमोर चाळीसेक मिनिटं थांबले होते, आत ठोक्यांचा आवाज येत होता, दार काळंभोर, आणि मग एक आजोबा चकचकीत घंगाळ घेऊन दारात आले, बाहेरचा उजेड त्या तांब्यावर पडला, मागे पूर्ण काळोख. त्यांना विचारून आणखी चार काढले पण पहिलाच चांगला होता कारण फ्रेम आधीपासून तयार होती.

उजळ वस्तू गडद पार्श्वभूमीवर, गडद वस्तू उजळ पार्श्वभूमीवर, एवढं सांभाळलं तरी अर्धं काम होतं. तपासायला सोपी युक्ती सांगते, डोळे किलकिले करा. बारीकसारीक निघून जातं आणि नुसते गडद-उजळ डाग उरतात, त्यात तुमचा सब्जेक्ट वेगळा दिसला तर फोटोत दिसेल, नाही दिसला तर रंगाने वगैरे वाचत नाही. फोनवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं तरी हेच कळतं.

सब्जेक्ट मागच्या कशात तरी मिसळत असेल तर अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे. खरंच अर्धंच. गर्दीत दोन माणसांच्या डोक्यांमधे बोटभर फट दिसली पाहिजे, ती फट मिळाली की गर्दी वाचता येते, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. तुळशीबागेत संध्याकाळी जाऊन नुसता हा एकच सराव करा, फटी शोधायचा.

चौथा आठवडा: रेषा, चौकटीतली चौकट आणि तो तिसऱ्या भागाचा नियम

आता ग्रिड चालू करा, फोनच्या कॅमेरा सेटिंग्जमधे असतो. ग्रिडचा पहिला उपयोग क्षितिज सरळ ठेवायला. नदी, समुद्र, भिंतीची कड तिरकी असली की बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. दुसरा उपयोग थर्ड्सचा, फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग आणि सब्जेक्ट रेषांच्या छेदावर. याचं काम एवढंच की सब्जेक्ट एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूला जागा उरते आणि त्या जागेत काहीतरी असावं लागतं. माणूस डावीकडे बघत असेल तर जागा डावीकडे, सायकल उजवीकडे चालली असेल तर जागा उजवीकडे. ती जागा कशासाठी ठेवलीय ते सांगता येत नसेल तर सब्जेक्ट सरळ मधे ठेवा, मधे ठेवण्यात काही पाप नाहीये. देवळाचा गाभारा, कमान, लांब व्हरांडा, हे मधूनच चांगले दिसतात, फक्त मग बरोब्बर मधे उभं राहायला लागतं, वीतभर सरकलात तरी दोन्ही बाजूंचे खांब सारखे येत नाहीत.

चौकटीतली चौकट शिकायला पुण्यात माझी आवडती जागा म्हणजे जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं कोरीव लेणं, समोर गोल नंदीमंडप, त्याला जाडजूड खांब. लेण्याच्या आत सावलीत उभं राहून बाहेर बघितलं की दोन काळे खांब आणि त्यांच्यामधे उन्हातला मंडप अशी तयार फ्रेम मिळते. इथे फोन घोटाळा करतो, अंधार बघून सगळं उजळ करायला जातो आणि बाहेरचा मंडप पांढराफटक पडतो. म्हणून बाहेरच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक होतं, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. खांब काळे झाले तरी चालेल, त्यांचं काम चौकटीचं आहे. मग कुणीतरी त्या उजेडातून चालत जाईपर्यंत थांबा. ही जागा पुरातत्त्व खात्याची आहे, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, हातात धरूनच काढा, आणि लोक दर्शनाला आलेले असतात त्यांच्या आड येऊ नका.

रघुबीर सिंग या भारतीय फोटोग्राफरनी अँबॅसिडर गाडीच्या खिडक्या, दारं, आरसे यांतून भारताचे कितीतरी फोटो काढले. एकच गाडी पण तिच्या काचांमुळे एका फोटोत तीन-चार वेगळ्या चौकटी होतात आणि प्रत्येकीत काहीतरी चालू असतं. आपल्याकडे पीएमपीची बस आहे, रिक्षा आहे. रिक्षात मागे बसून आरशातला काकांचा चेहरा आणि समोरचा रस्ता एकाच फ्रेममधे आणून बघा, दिसतं तेवढं सोपं नाहीये. काकांना आधी विचारा.

लीडिंग लाइन्सबद्दल थोडक्यात. घाटाच्या पायऱ्या, पुण्यातल्या झेड ब्रिजचा कठडा, रेल्वेचे रूळ (रुळांवर उतरायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच) अशा रेषा नजरेला ओढत नेतात. फक्त ती रेषा कुठेतरी पोचली पाहिजे. रेषा कडेबाहेर निघून गेली तर बघणाराही तिच्याबरोबर बाहेर जातो.

पाचवा आठवडा: माणसं

विचारायचं. काही लोक म्हणतात विचारलं की नैसर्गिकपणा जातो, मला उलटा अनुभव आहे, विचारलं की दोन मिनिटं ताठ बसतात, मग कामाला लागतात आणि तुम्ही तिथेच असता. नाही म्हणाले तर नाही, लहान मुलं असतील तर आईबाबांना विचारायचं.

मंडईत सुरू करा, सकाळी आठच्या आत. जुनी इमारत १८८६ ची, तेव्हाची रे मार्केट, मधे उंच मनोरा, आत ओळीने उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते. उंच छपराखाली ऊन थेट येत नाही, कडेने मऊ उजेड येतो, चेहऱ्यांना यापेक्षा चांगला उजेड स्टुडिओत पैसे देऊनच मिळतो. ओट्यावरची माणसं तुमच्यापेक्षा वर असतात आणि बाहेर रस्त्यावर बसलेली खाली, त्यामुळे एकाच सकाळी दोन्ही अँगलचा सराव होतो. बाहेर बसलेल्यांसमोर मात्र तुम्हीही बसा, वरून काढलेल्या फोटोत माणूस उगाच बिचारा दिसतो आणि तो तसा नसतो.

कुठे कापायचं हे पाठच करून टाका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, या सांध्यांवर फ्रेमची कड येऊ द्यायची नाही, हात तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मधे, कमरेच्या वर, छातीपाशी कापलेलं चालतं. डोक्यावर थोडी जागा, पण फार नको. आणि कामाच्या माणसाचे हात आणि हत्यार शक्यतो दोन्ही आत ठेवा, कारण फोटो त्याच्या कामाचा आहे.

क्लिक करायच्या आधी एक श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात कडेने एक फेरी, वर, उजवी, खाली, डावी. सुरुवातीला या फेरीत क्षण निघून जातो, जाऊ दे. महिनाभरात ती फेरी अर्ध्या सेकंदात होते.

सहावा आठवडा: निवड, क्रॉप, प्रिंट

त्या दिवशीचे फोटो त्या दिवशी डिलीट करायचे नाहीत. दोन दिवसांनी कॉम्प्युटरवर सगळे छोटे-छोटे एकत्र लावून बघा, स्टँपएवढे. एवढ्या छोट्या आकारात जो फोटो ओळखू येतो त्याची रचना पक्की आहे. मग तोच उलटा करा, डोकं खाली पाय वर. आता त्यात मावशी, भाजी असं काही राहत नाही, आकार आणि वजन राहतं, कुठली बाजू जड झालीय आणि कुठला कोपरा रिकामा पडलाय ते लगेच समजतं. आणि मग सरांची तळहाताची परीक्षा, सब्जेक्ट झाका आणि उरलेलं बघा.

क्रॉप करावं, म्हणजे काढलेला फोटो नंतर कडेने कापावा, की नाही यावर मुलं भांडतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच फोटोग्राफर क्रॉपच्या विरोधातले म्हणून प्रसिद्ध, तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकलेले, बहुतेक काम ५० मिमीवर. पण पॅरिसच्या स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो क्रॉप केलेला आहे, कुंपणाच्या फटीतून काढताना बाजूची फळी फ्रेममधे आली होती. माझं मत असं की शिकताना क्रॉप जरूर करा, पण मूळ फोटो शेजारी ठेवा आणि वहीत लिहा की तिथे उभी असताना हा क्रॉप कसा मिळाला असता, दोन पावलं पुढे, की खाली बसून. पुढच्या वेळी ते पाय आपोआप करतात.

शेवटी प्रिंट, निदान दहा. फोनचा फोटो ४:३ असतो आणि दुकानातली ४ बाय ६ इंची प्रिंट ३:२ ची. म्हणजे आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा हिस्सा दुकानात मशीन कापतं, तुम्हाला न विचारता, आणि इतक्या मेहनतीने सांभाळलेली कड जाते. त्यामुळे आधी स्वतः ३:२ मधे क्रॉप करून द्या किंवा दुकानदाराला पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना एकेक प्रिंट नेऊन द्या. मी मंडईतल्या त्याच मावशींकडे परत गेले होते, नवीन फोटो घेऊन, या वेळी स्कूटर नाही, फ्लेक्स नाही, मागे नुसती सावली, मला खात्री होती की यात काही राहिलेलं नाही. मावशींनी प्रिंट लांब धरून बघितली, शेजारच्या काकूंना दाखवली, पदराला पुसली आणि मग बोट उजव्या कडेवर ठेवून म्हणाल्या, "छान आलाय गं, पण माझा तराजू अर्धा कापलास की." एक पारडं फ्रेमच्या बाहेर होतं. पुढच्या शनिवारी मी पाऊण पाऊल मागे उभी राहिले, दोन्ही पारडी आत घेतली आणि त्यांनी कोथिंबीर तोलायला घेईपर्यंत थांबले.